नाना घरी नाहीत

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे मी लई प्रामाणिक आहे असं नाही. बोलायला रोज जातो, पण जमत नाही.

पहिलं खोटं बोललो तेव्हा सहा वर्षांचा असेन. आमचे वडील गवंडी. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून आम्ही पण नानाच म्हणतो. नानांची एक खोड होती. एकाची भिंत कमरेएवढी चढवायची आणि दुसऱ्याच्या चौथऱ्यावर जाऊन उभं राहायचं. मग पहिला गडी भल्या सकाळी दारात यायचा, "नाना! ओ नाना!" नाना पटकन कणगीमागं जाऊन बसायचे आणि मला पुढं ढकलायचे, "सांग, नाना घरी न्हाईत."

मी बाहेर गेलो. छाती फुगवली. म्हणालो, "नाना घरी नाहीत. आणि कणगीमागं तर मुळीच नाहीत."

त्या दिवशी मार बसला तो ओल्या थापीचा. पण माझ्या अकलेला गिलावा काही बसला नाही.

हाकांबद्दल आणखी एक गोष्ट नानांनी शिकवली होती. तिन्हीसांजेला कुणी एकदाच नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. तीनदा मारली तरच बाहेर जायचं. एकदाच मारणारा माणूस नसतो. नानांच्या चुलत्यानं म्हणे विहिरीवर अशी एका हाकेला ओ दिली आणि आठव्या दिवशी गेला. त्यामुळं आमच्या घरात आजही पहिल्या हाकेला कुणी उठत नाही. आळशी म्हणून आमची ख्याती आहे ती त्यामुळं.

शाळा मी सातवीपर्यंत शिकलो. सातवीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तर म्हणाले, "आता तूच शिकव, मी बसतो." मग पुण्याला जाऊन हॉटेलात भांडी, भांड्यावरून पीठ, पिठावरून तंदूर.

घरी देवाच्या फळीखाली सिमेंटच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. तारखा कधीच संपल्या, पण नानांनी ते काढलं नाही, कारण वर रोमच्या मोठ्या चर्चचा फोटो होता. डोंगराएवढा घुमट, पुढं खांबांच्या रांगा, मोकळं पटांगण आणि त्यात मुंग्यांएवढी माणसं. रोज संध्याकाळी हातपाय धुतले की नाना त्याच्यापुढं उभे राहायचे. लोकांना वाटायचं देवाला हात जोडतायत. नाना मनात वजनं मांडत असायचे. "मधी खांब न्हाय. एवढं ओझं पेलतंय कोण?" हा एकच प्रश्न त्यांनी चाळीस वर्षं विचारला, आणि उत्तर द्यायला घरात कोण, तर मी.

आणि मग एका एजंटानं मला रोमची नोकरी दिली. खरंच. रोमच्या हॉटेलात तंदूरवाला. ज्या शाळेनं मला दोनदा नापास केलं तिनंच नारळ आणि शाल दिली. निघताना नानांनी दोरीला सोडून भिंत सरळ आहे का बघायचा त्यांचा पितळी ओळंबा माझ्या हातात ठेवला. बुडाला टवका गेलेला, पण त्याच्यावर अर्धं गाव उभं राहिलेलं.

"तिथली भिंत ओळंब्यात हाय का बघ. आन खांबाला हात लावून सांग, भरीव हाय का पोकळ."

मुंबईत एजंट म्हणाला, "रोमचं रद्द झालं. जपानचं आहे. जातोस का?"

शाल परत कशी करणार? गेलो. म्हणलं तिथं पोचल्यावर सांगू. पोचल्यावर म्हणलं जरा रुळल्यावर सांगू. असं म्हणत म्हणत सहा वर्षं मी ग्योतोकुला राहून रोममध्ये राहिलो.

ग्योतोकु म्हणजे टोकियोच्या बाहेर, गाडीनं कामाला जाणाऱ्यांची वस्ती. स्टेशनजवळ आमचं इंडियन हॉटेल. मी तंदूरवर. गिऱ्हाईक म्हणजे दुपारी जपानी, रात्री पुण्याचे कॉम्प्युटरवाले. ते मला शेफ-सान म्हणतात. सुरुवातीला मला एकाच गोष्टीचा लई त्रास झाला. जपानीत साताला 'नाना' म्हणतात. सात नंबरच्या टेबलाला 'नाना-बान'. वाढणारी बाई गल्ल्याजवळून ओरडायची, "नाना-बान, नान ओकावारी!" म्हणजे सात नंबरला आणखी एक नान. मी दर वेळी दचकून दाराकडं बघायचो, नाना आले की काय, माझं खोटं पकडायला. दोन नान आत पडून जळाल्या. मग हळूहळू कान मेला. आता ती नाना म्हणाली की हात आपोआप पिठाकडं जातो, डोक्याला कळवायची गरज पडत नाही.

घरी फोन करायचा म्हणजे हिशोब बोटांवर. मी घरापेक्षा साडेतीन तास पुढं आणि रोम घरापेक्षा साडेचार तास मागं. थंडीत एकदा आमचे संध्याकाळचे पाच वाजलेले, खिडकीत काळोख. म्हणजे रोमला सकाळचे नऊ. वहिनी म्हणाल्या, "भावजी, नऊ वाजता एवढा अंधार?"

"इथं थंडीत उशिरा उजाडतं, वहिनी."

"आणि मागं दुकानाचे दिवे लागलेत ते?"

"इथली माणसं लवकर उठतात."

दादा एसटीत कंडक्टर, घरी कमी, त्यामुळं फोन कायम वहिनींच्या हातात. तिकीट न काढता बसलेला माणूस कसा दिसतो हे दादापेक्षा वहिनींना जास्त कळतं.

नानांना मात्र फसवणं सोपं होतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते माझ्यामागचं काहीही उंच बघायचे आणि खूश व्हायचे. एकदा मी लोखंडी गोळ्यांच्या जुगाराच्या दुकानासमोर उभा होतो, प्लास्टरचे खांब असलेलं. म्हणालो, "हा राजाचा जुना वाडा." नाना म्हणाले, "हातच येगळा त्यांचा." मला रात्री जेवण गेलं नाही.

मग गेल्या वर्षी नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन.

"आता मला समदं दिसतंय. ह्या घराच्या चार भिंतीत दोन वाकड्या हायत, मीच बांधल्याल्या. आता चर्च दाखीव. नुसतं फोटू नगं. तू तिथं उभा ऱ्हा आन हात लाव."

"बघतो नाना, सुट्टी मिळाली की."

"सहा वरसं सुट्टी न्हाय?" मग आवाज उतरला. "आरं, ब्याऐंशी झाली मला. किती दिस थांबू?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात वहिनी मागून म्हणाल्या, "दाखवतील की. रोममध्येच तर आहेत," आणि त्या 'रोममध्येच'वर त्यांनी असं काही वजन टाकलं की मी तोंड मिटलं.

त्याच आठवड्यात एका पुण्याच्या गिऱ्हाइकानं टेबलावर एक छापील कागद ठेवला. बायकापोरांना घेऊन डोंगरात कुठं तरी जाऊन आला होता. तिथं म्हणे जगातल्या मोठ्या इमारती लहान करून मांडल्यात. कागदावर रोमचं चर्च होतं. घुमट, खांब, पटांगण, मुंग्यांएवढी माणसं. आमचं कॅलेंडर, हुबेहूब.

मला वाटलं देव पावला. देवाचं काय, तो पण थट्टा करतो.

नोव्हेंबरातला मंगळवार, हॉटेलची सुट्टी. तीन गाड्या आणि एक बस करून गेलो. बसमधून उतरलो तेव्हा धुकं एवढं की बस गेली ते फक्त ऐकू आलं. तिकिटाच्या खिडकीत कुणी नव्हतं, नुसती एक घंटी. वाजवल्यावर रेनकोट घातलेला एक म्हातारा आला. त्याच्या हातात दात घासायचा ब्रश होता. मी मनात म्हणलं, दुपारी अडीचला दात? पण तो त्या ब्रशनं इमारती घासत होता.

आत माझ्याशिवाय एक माणूस नव्हता. म्हणजे होती, हजारो होती, पण माझ्या बोटाएवढी. पुलांवर, पायऱ्यांवर, दारांत. कुणी छत्री धरलेली, कुणी पोराचा हात धरलेला. पावसानं बऱ्याच जणांचे डोळे धुवून गेले होते. चालताना सारखं वाटायचं की मी गेलो की मागं ती कुजबुजतायत. दोनदा वळून बघितलं. मग स्वतःलाच शिवी दिली, सातवी नापास माणसानं एवढा विचार करू नये.

रोमचा कोपरा सगळ्यात मागं, झाडांखाली. चर्चचा घुमट माझ्या छातीएवढा. धुक्यात तो आधी मोठाच वाटला, खरा वाटला, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण एक क्षण मला कळेना की तो लहान आहे की मी मोठा झालोय.

दुपारचे तीन. घरी साडेअकरा. रोमला सकाळचे सात. सगळं जुळत होतं. पटांगणाच्या कडेला जमिनीवर पिवळ्या रंगाची दोन पावलं रंगवली होती, इथं उभं राहून बघा अशी. मी पावलांवर उभं न राहता पालथा झोपलो, पोट ओल्या खडीवर, पाय मागं पावलांवर, आणि फोन त्या इवल्या माणसांच्या कमरेएवढा खाली धरला.

"नाना, दिसतंय का?"

मग नानांचा श्वास ऐकू आला. "आरं माझ्या लेका... कॅलेंडरच की रं हे."

माझे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी पण मी खोटंच बोललो. "सकाळची वेळ आहे, म्हणून गर्दी कमी."

"गर्दी हाय की. पण हलंना कशी?"

"प्रार्थना चालू आहे."

"समदी एकदम? पापणी बी न हलवता?" नाना फोनच्या जवळ सरकले. "आन ती बाई? समदी देवळाकडं तोंड करून हायत. ती एकटीच तुझ्याकडं बघतीया."

मी बघितलं. खरंच, चाळीस-पन्नास जणांत एक निळ्या झग्याची बाई उलटी उभी होती. चेहऱ्यावरचा सगळा रंग गेलेला. पांढरं तोंड, आणि ते माझ्याकडं.

तेवढ्यात घुमटावर कावळा येऊन बसला. खरा कावळा.

"आरं, कावळा हाय का इमान?" नाना म्हणाले.

"इथले कावळे जरा..."

"बरं, हात लाव."

ब्याऐंशी वर्षांच्या बापानं हात लाव म्हणल्यावर मी हात लावला. डोक्यात एवढंही आलं नाही की लहानग्या चर्चला माझा हात कसा दिसेल. पुढचा खांब दोन बोटांत धरला आणि नखानं वाजवला. टक टक.

"पोकळ वाटतंय, नाना."

वहिनींचा "अगं बाई!" असा आवाज आला. माझ्या पायाशी स्पीकरवर कुणी बाई काहीतरी बोलली, तिकडं माझं लक्ष नव्हतं. पण नाना एकदम, लहान पोरासारखे म्हणाले, "ओ."

आणि फोन बंद पडला. पावसानं की बॅटरीनं, कोण जाणे.

मी उठलो, पोटाची खडी झटकली आणि खूश झालो. चक्क खूश झालो. वाटलं, सहा वर्षांत पहिल्यांदा एक खोटं धड जमलं.

गुरुवारी वहिनींचा फोन आला. त्या कधी रडत नाहीत, पण आवाज जड होता.

"भावजी, नाना मंगळवारपासून जेवले नाहीत. नुसतं पाणी आणि घोटभर चहा. थापी शेजारच्या गवंड्याला दिली, गिलाव्याची करणी त्याच्या भावाला दिली. तुमच्या दादांना म्हणाले, रजा टाकून ये."

"का? डोळे दुखतायत का?"

"म्हणतात, बोलावणं आलं. आभाळातून हात आला, देवळाला शिवला, आणि बाईनं नावानं हाक मारली. एकदाच. आणि माझ्या तोंडून ओ गेली." वहिनींनी आवाज खाली आणला. "हात मी पण बघितला, भावजी. घुमटापेक्षा मोठा. नखाखाली पीठ होतं. ते काय होतं?"

माझी नखं मी बघितली. पीठ होतं.

"हाक कसली?" मी विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. "तिथं कुणीच नव्हतं."

हे बोलायला नको होतं. वहिनींनी फोन ठेवला.

हाताचं मी सांगू शकत होतो. पण ती हाक? संध्याकाळभर तंदूरपुढं उभा राहून मला घाम नाही, थंडी वाजत होती. ती पांढऱ्या तोंडाची बाई सारखी डोळ्यांपुढं यायची. नानांच्या चुलत्याचे आठ दिवस मी बोटांवर मोजले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन गेले.

तेवढ्यात गल्ल्याजवळून आवाज आला, "नाना-बान, नान ओकावारी!"

हात पिठाकडं गेला. आणि तिथंच राहिला.

नाना-बान. सात नंबर. त्या चर्चपुढं माझे पाय पिवळ्या पावलांवर पडले होते, वजन पडलं की बोलणारं मशीन सुरू झालं होतं आणि त्या बाईनं माहिती सांगायच्या आधी इमारतीचा नंबर सांगितला होता. माझ्या मेलेल्या कानाला तो ऐकू आला नाही. नानांच्या जित्या कानाला आला. मी बापाला मारायला घेतला होता, ते पण साताच्या पाढ्यानं, जो मला कधीच येत नव्हता.

त्या रात्रीच्या दोन नान परत जळाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉटेल बंद असतं त्या वेळेत, मागच्या जिन्यात बसून घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. रोम नाही, जपान. चर्च नाही, खेळणं. हात माझा. नाना म्हणजे सात. सहा वर्षं चार मिनिटांत संपली.

मग नाना म्हणाले, एकदम मायेनं, "आसू दे रं. माझ्या समाधानासाठी किती खोटं बोलशील?"

"खोटं नाही नाना! आधीचं खोटं होतं, हे खरं आहे!"

"तू लहानपणापासून मला जपतोयस. कळतंय मला."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगू?" वहिनी म्हणाल्या. "मला तर तुम्ही रोमलाच असता." त्या मोडक्या आवाजात पण टोमणा होता, आणि तो ऐकून मला जरा धीर आला.

शेवटी नानांनीच गवंड्याचा मार्ग काढला. "सात म्हणतोस? मग खाली सहा थर पायजेत. पयल्यापासून ऐकीव. एक, दोन, तीन. मग सातला ती काय म्हणती बघू."

मालकाकडं सोमवारची रजा मागितली. वडील आजारी आहेत म्हणालो, तर तो म्हणाला, "मग घरी जा ना, डोंगरात कशाला?" याचं उत्तर माझ्या जपानीत बसत नव्हतं. न्हाणीच्या पडद्याला वजन म्हणून सहा वर्षं लटकवलेला नानांचा ओळंबा सोडवला, खिशात टाकला आणि गेलो. नानांचा सातवा दिवस होता.

या वेळी धुकं आणखी खाली आलेलं. रेनकोटवाला म्हातारा मला ओळखून हसला. मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, स्पीकरवरची बाई कोण?

"इथं तिकिटं द्यायची. आवाज चांगला म्हणून तिचाच भरला."

"आता कुठं आहे?"

त्यानं ब्रश वर केला. वर डोंगरावर एक वस्ती होती आणि तिच्यावर आभाळ होतं. त्यानं नक्की काय दाखवलं ते मी विचारलं नाही.

दुपारचे तीन. फोन लावला. वहिनींनी नानांना उशीला टेकवून बसवलं होतं. गाल आत गेलेले. दादा मागं उभा, रजेवर.

या वेळी मी झोपलो नाही. उभं राहून सगळं दाखवलं, माझे बूट, त्याच्या शेजारी रोम. पहिला गोल आखाडा, एका बाजूनं पडलेला. मी पिवळ्या पावलांवर उभा राहिलो. "इचि-बान," बाई म्हणाली.

"ऐकलं का नाना? एक."

"ह्ये पडलं कसं?" नाना क्षीण आवाजात म्हणाले. "पाया कच्चा आसंल."

दुसरी कमान. "नि-बान." तिसरा उंच खांब, साडीच्या काठासारखी नक्षी गुंडाळलेला. "सान-बान." चौथं कारंजं, कोरडं. पाचव्या देवळाच्या घुमटाला वर भलंमोठं भोक. नाना म्हणाले, "सिमीट संपलं वाटतं," आणि दादा खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. सहावा पूल. "रोकु-बान."

मग चर्च. ती निळ्या झग्याची बाई जागेवर नव्हती. तिच्या पायाची दोन छिद्रं तेवढी फरशीत होती. धुवायला नेली असेल. मी नानांना ते दाखवलं नाही.

खिशातून ओळंबा काढला आणि चर्चच्या दारासमोर सोडला. दारापेक्षा ओळंबा मोठा.

"बुडाला टवका हाय का?" नाना पुढं झाले.

"आहे."

"माझाच हाय." नानांनी फोनच्या काचेवर बोट ठेवलं. "म्हंजे देऊळ खोटं. पटलं. आता ती काय म्हणती ऐकू."

मी पावलांवर उभा राहिलो.

काही नाही.

पाय उचलून परत ठेवले. उडी मारली. दोन्ही पायांनी थयथय नाचलो. झाडावरून पाण्याचे थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

"ओलं झालं की सात नंबर कधी बोलतो, कधी नाही," मागून म्हातारा म्हणाला.

फोनमध्ये नाना शांतपणे मागं टेकले. "सहा बोलले. सातला ती गप. तिचं काम झालंय. मी ओ दिली न्हवं का?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा म्हणाला, "अरे, काहीतरी कर की!"

मी काय करणार? मला एकच गोष्ट येते आणि तीही येत नाही. फोन खाली केला, स्पीकरकडं तोंड केलं, आमच्या वाढणाऱ्या बाईसारखा गळा बारीक केला आणि ओरडलो, "नाना-बाऽन!"

डोंगरावरून आवाज परत आला. रेनकोटवाला दोन पावलं मागं सरकला.

"परत म्हण," नाना म्हणाले.

"नाना-बाऽन. नान ओकावारी," माझ्या तोंडून सवयीनं पुढचं पण गेलं.

आधी मला वाटलं नाना खोकतायत. मग कळलं. त्यांची छाती हलत होती, डोळ्यांत पाणी होतं, नवीन डोळ्यांत. "आन कणगीमागं तर मुळीच न्हाईत," ते म्हणाले. "लेका, पन्नाशीला आलास, आजून तसंच बोलतोस." हसता हसता त्यांना धाप लागली. वहिनी पाठ चोळायला लागल्या. "सूनबाई, ती मशिनीतली बाई बी अशीच कुणीतरी. पोटासाठी नंबर सांगत आसंल बिचारी. पिठलं हाय का? भाकरी टाका एक."

"दोन टाकते," वहिनी म्हणाल्या. मग फोन तोंडाजवळ आणून हळूच, "भावजी, रोमला सकाळचे सात वाजले ना? चहा घ्या," आणि फोन ठेवला.

मी तिथंच खडीवर बसलो. उजेड जायला लागला होता. म्हाताऱ्यानं लांबून हात हलवून सांगितलं, बंद व्हायची वेळ झाली. मी ओळंब्याला दोरी गुंडाळली, तो खिशात टाकला आणि निघालो. पिवळ्या पावलांपासून दहा-बारा पावलं पुढं गेलो असेन. पावलांवर कुणीही नव्हतं.

मागं स्पीकर जरासा खरखरला.

"नाना," बाई म्हणाली.

'बान' मी ऐकलं नाही. म्हणाली असेल, धुक्यात गेलं असेल. मी थांबलो. वळलो नाही. आमच्या घरात पहिल्या हाकेला कुणी उठत नाही. पण दारात आलेल्याला काहीतरी सांगून परत पाठवायला पाहिजे, ते काम लहानपणापासून माझ्याकडं आहे.

"नाना घरी नाहीत," मी मराठीत सांगितलं. आणि या वेळी पुढं एक अक्षर बोललो नाही.